वाट आधी कोणाची?

महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असते ती अशी : आठ ठिकाणी वाकलेला एक कुमार जनकाच्या सभेत प्रवेश करतो, त्याचे वेडेवाकडे शरीर पाहून सभा खदखदा हसते आणि मग तो सभेला असे काही सुनावतो की सर्वांच्या माना खाली जातात. कीर्तनांत आणि बालगोपाळांसाठी लिहिलेल्या संक्षिप्त कथांत हाच प्रसंग रंगवून सांगितला जातो. मूळ संहिता उघडून पाहिली की मात्र आश्चर्य वाटते. तेथे असे हसणे नाही. द्वारपाल अष्टावक्राला अडवतो तो त्याच्या शरीरामुळे नव्हे, वयामुळे. यज्ञमंडपात वृद्ध आणि विद्वान ब्राह्मणांनाच प्रवेश आहे, बालकांना नाही, असे तो सांगतो. आणि केवळ केस पिकल्याने कोणी थोर ठरत नाही, अशा आशयाचे उत्तर हा मुलगा देतो. सारा वाद वयाचा आणि विद्येचा आहे.

त्याही आधी आणखी एक लहानसा प्रसंग आहे. राजा आणि अष्टावक्र वाटेवर समोरासमोर येतात. वाट कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्न उभा राहतो. त्या वेळी अष्टावक्र एक क्रम सांगतो. वाट आंधळ्याची, बहिऱ्याची, स्त्रीची, ओझे वाहणाऱ्याची आणि त्यानंतर राजाची. समोर ब्राह्मण आला तर वाट ब्राह्मणाची, असेही तो पुढे म्हणतो. ते त्या काळच्या समाजरचनेला धरून आहे, आणि आज ते जसेच्या तसे मुलांना सांगण्याचे कारण नाही. परंतु यादीचा आरंभ कोणापासून होतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राजा हे म्हणणे मान्य करतो आणि वाट सोडतो.

माझ्या पाहण्यातल्या एकाही बालपुस्तकात हा प्रसंग चितारलेला नाही. राजा, त्याचे सेवक, धुळीचा रस्ता आणि मधोमध उभा असलेला बारा वर्षांचा एक वाकडा मुलगा : चित्रकाराला याहून सुंदर विषय कोणता मिळणार? आपण मात्र तो वगळला आणि मुळात नसलेले हसणे त्या जागी आणून बसवले. ते कशासाठी, याचे उत्तर आपल्या मनातच शोधावे लागेल. अपंग मूल पुस्तकात आले की त्याला कोणीतरी हसलेच पाहिजे, आणि मग त्याने काहीतरी अलौकिक करून ते हसणे थांबवलेच पाहिजे, ही चौकट आपल्या अंगवळणी पडली आहे. ऐकणाऱ्या मुलाच्या मनात त्यातून उरते ते हसणेच.

कथेचा शेवटही पाहण्यासारखा आहे. बंदीचा पराभव करून अष्टावक्र पित्याला सोडवतो, आणि पित्याच्या सांगण्यावरून समंगा नदीत स्नान करताच त्याचे अवयव सरळ होतात. भागवतात मथुरेची त्रिवक्रा कुब्जा श्रीकृष्णाच्या स्पर्शाने सरळ होते. गीतापाठाच्या आरंभी आपण म्हणतो त्या ध्यानश्लोकांतही ईश्वरकृपेने मुका बोलू लागतो आणि पांगळा पर्वत ओलांडतो. भक्तिमार्गातील ही रूपके आहेत. त्यांचा आशय आध्यात्मिक आहे, आणि त्यांना त्या अंगानेच समजून घेतले पाहिजे. एकनाथांच्या भारुडांतील आंधळा, बहिरा, पांगुळ हेही असेच संसारी जीवाचे रूपक आहेत. परंतु सहा वर्षांच्या मुलाला रूपक कळत नाही. पायात कॅलिपर बांधलेले मूल ही गोष्ट ऐकते तेव्हा त्याला एवढेच कळते की चांगल्या मुलांचे पाय शेवटी बरे होतात. आपले मात्र झाले नाहीत.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या ‘हायडी’तील चाकाच्या खुर्चीवरची क्लारा आल्प्सच्या हवेत चालू लागते, १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सिक्रेट गार्डन’मधील कॉलिन बागेत उभा राहतो. ‘ट्रेझर आयलंड’मध्ये एका पायाचा सिल्व्हर आणि आंधळा प्यू हे दोघेही भय निर्माण करण्यासाठीच आहेत. आपल्याकडे मंथरेची कुबड हे तिच्या कपटाचे चिन्हच होऊन बसले. शकुनी लंगडा असल्याचे व्यासांनी कोठेही सांगितलेले नाही. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात चाललेल्या मालिकेने तो घराघरांत लंगडत आणला आणि आता चित्रकारही त्याला तसाच काढतात. दुष्ट, दीन किंवा शेवटी बरा होणारा, अशा तीनच खुर्च्या आपण या मुलांसाठी मांडून ठेवल्या आहेत.

आपल्या परंपरेत चौथी खुर्ची नाही, असे मात्र नाही. सूर्याचा सारथी अरुण आठवून पाहावा. आदिपर्वातील कथेनुसार विनतेने उतावीळपणे अंडे फोडले आणि अरुण अर्धवट देहाने जन्मला. त्याला मांड्या नाहीत, म्हणून त्याचे नावच अनूरु. तो कोणत्याही नदीत न्हाऊन पूर्ण होत नाही. कोणी त्याची कीव करीत नाही. तो रोज पहाटे रथावर बसतो आणि सात घोडे हाकतो. रथ हाकण्यास हात लागतात, मांड्या लागत नाहीत. धाकटा भाऊ गरुड आकाशात कोठल्या कोठे उडतो आणि थोरला आपल्या कामावर ठरल्या वेळी हजर असतो. लहान मुलांच्या चित्रपुस्तकाला याहून अधिक काय हवे? गरुडाची पुस्तके ढिगाने आहेत. अरुण मात्र सूर्याच्या चित्रात कोपऱ्यात बसलेला आढळतो.

काही महिन्यांपूर्वी एका पुस्तक प्रदर्शनात, ज्यात अपंग मूल आहे असे लहान मुलांचे चित्रपुस्तक मी मागितले. विक्रेते सज्जन होते. त्यांनी हेलन केलर आणि लुई ब्रेल यांची चरित्रे पुढे ठेवली. थोर माणसांची चरित्रे मुलांनी वाचावीत, याबद्दल दुमत नाही. आपल्या विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांना बालपणीच अंधत्व आले आणि तरीही त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. त्यांचे चरित्र प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असावे. पण आंधळेपणी जन्मलेले प्रत्येक मूल गुलाबराव महाराज होणार नाही, जसे डोळस मूल प्रत्येक वेळी ज्ञानेश्वर होत नाही. डोळस मुलाला मात्र पुस्तकात येण्यासाठी थोर व्हावे लागत नाही. त्याला पतंग हरवला तरी पुरते, मांजर आणले तरी पुरते, आजोळी गेला तरी पुरते. अपंग मुलाकडून आपण आधी ग्रंथरचना मागतो, मग त्याला पुस्तकात घेतो.

गेल्या पंधरावीस वर्षांत भारतात काही वेगळी चित्रपुस्तके निघाली आहेत आणि ती मराठी पालकांनी आवर्जून पाहावीत अशी आहेत. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचे झाई व्हिटेकर यांचे ‘कन्ना पन्ना’ घ्या. कन्ना हा बुजरा, अबोल मुलगा. नातलगांबरोबर तो गुहेतील मंदिर पाहायला जातो. आत असताना दिवे जातात आणि मोठी माणसे गडबडून जातात. कन्नाला मात्र काहीच फरक पडत नाही, कारण त्याचे जग तसेही डोळ्यांवर चालत नाही. तो सर्वांना बाहेर घेऊन येतो. मुलगा आंधळा आहे, हे लेखिका आरंभीच जाहीर करून टाकत नाही, ही या गोष्टीतली खरी गंमत. याच प्रकाशनाच्या ‘अ वॉक विथ थंबी’मध्ये लावण्य कार्तिक यांचे शब्द मुलाच्या अंधत्वाविषयी एक अक्षर काढत नाहीत. मुलगा आपल्या कुत्र्याबरोबर फिरायला निघाला आहे, एवढेच शब्द सांगतात. हातातील काठी प्रोइती रॉय यांच्या चित्रांत दिसते. चित्रपुस्तक हा स्वतंत्र साहित्यप्रकार का आहे, हे येथे कळते. चित्राने जे दाखवले ते शब्दाने बोलून दाखवायचे नसते. मूल पाहते, विचारते, आणि आई सांगते. ते तिघांचे संभाषण हाच पुस्तकाचा अर्धा भाग असतो. थारिणी विश्वनाथ यांच्या ‘कॅच दॅट कॅट’मध्ये डिप डिप ही चाकाच्या खुर्चीवरची एक खोडकर मुलगी मैत्रिणीचे हरवलेले मांजर शोधायला निघते आणि चक्क झाडावर चढण्याचा खटाटोप करते. खोडकर हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याकडील गोष्टींत अपंग मुलांना खोड्या काढण्याची मुभा नसते. ती सदैव गुणी असतात.

या सर्वांत मला सर्वाधिक भावलेले पुस्तक म्हणजे सुजाता पद्मनाभन यांनी लिहिलेले आणि मधुवंती अनंतराजन यांनी चितारलेले, ‘प्रथम बुक्स’चे ‘चुस्कित गोज टू स्कूल’. चुस्कित ही लडाखमधील मुलगी. तिचे पाय चालत नाहीत. घरी चाकाची खुर्ची येते, तिला अंगण मोकळे होते, पण शाळा मात्र दूरच राहते. कारण शाळेची वाट खडबडीत आहे आणि मध्ये ओढा लागतो. अब्दुल नावाचा एक मुलगा मुख्याध्यापकांकडे जाऊन विषय काढतो आणि अखेर शाळेतील मुले मिळून ती वाट सपाट करतात. चुस्कितचे पाय शेवटच्या पानावरही चालत नाहीत. बदलते ती वाट. जनकासमोर उभ्या असलेल्या त्या मुलाने जे म्हटले तेच येथे लडाखच्या दगडगोट्यांत उतरले आहे, आणि लेखिकेने त्याकरिता कोणालाही उपदेश केलेला नाही.

एक आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो अगदीच निराधार नाही. हे सारे पाश्चात्त्यांचे फॅड आहे. तिकडे प्रत्येक पुस्तकात प्रत्येक गटाचे एकेक मूल मोजून बसवण्याची चाल पडली, तीच आता इकडे येणार, असे काहींना वाटते. मोजून बसवलेली मुले निर्जीव असतात, हे खरे. चित्राच्या कोपऱ्यात चाकाची खुर्ची काढली आणि कर्तव्य संपले, अशी पुस्तके निघालीही आहेत. परंतु अपंग मूल हे काही परदेशातून आणलेले पात्र नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झालो. त्यापूर्वीच्या दोन-तीन पिढ्यांना विचारून पाहा. वर्गात, वाड्यात, चाळीत कॅलिपर बांधून खाडखाड चालणारा एखादा मित्र कोणाला नव्हता? तो गोट्या खेळला, उसनी वही घेऊन गेला, भांडला. आपल्या वाचनातल्या चित्रांत तो कितीदा भेटला? वास्तवातले मूल पुस्तकाने गाळले, आणि आता ते परत घेतले तर त्याला फॅड म्हणायचे, हा न्याय नव्हे.

आपल्या भाषेकडेही जरा पाहावे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. वासरांत लंगडी गाय शहाणी. आंधळा मागतो एक डोळा. या म्हणी आपण नकळत वापरतो, आणि त्या भाषेतून हद्दपार कराव्यात असे मी म्हणणार नाही. म्हणी फतव्याने मरत नाहीत. मराठी मुलांच्या दोन अत्यंत आवडत्या खेळांची नावे मात्र मजेशीर आहेत : लंगडी आणि आंधळी कोशिंबीर. म्हणजे घटकाभर एका पायाने धावणे आणि डोळे बांधून चाचपडणे यांत मुलांना निर्मळ आनंद वाटतो. त्यात हेटाळणी नसते. एखाद्या कल्पक लेखकाने आंधळी कोशिंबिरीत सर्वांत तरबेज असलेल्या अंध मुलीची गोष्ट लिहिली, तर ती पूर्णपणे आपल्या मातीतली होईल.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर ‘दिव्यांग’ या शब्दाविषयीही बोलले पाहिजे. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये ‘मन की बात’मधून हा शब्द सुचवला, आणि पुढे तो शासनव्यवहारात रूढ झाला, महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. शब्दामागील हेतू उदात्त होता, न्यूनाकडून सामर्थ्याकडे पाहण्याचा होता. अनेक अपंग कार्यकर्त्यांनी मात्र त्यावर आक्षेप घेतला. आम्हांला दिव्यत्व नको, जिन्याशेजारी उतार हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. हे म्हणणे शत्रुत्वाचे समजू नये. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, म्हणजे शासनाची व्याख्या विस्तारली. मुलांच्या पुस्तकांची अजून विस्तारलेली नाही. स्वमग्न मूल, अडखळत बोलणारे मूल, कानात यंत्र घालणारे मूल, अक्षरे उलटसुलट दिसणारे मूल ही आज प्रत्येक शाळेत आहेत. शाळेत आहेत, असे म्हणताना थोडे थांबावे लागते. युनेस्कोच्या २०१९ मधील भारतविषयक अहवालानुसार पाच वर्षे वयाच्या अपंग मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आणि पाच ते एकोणीस या वयोगटातील सुमारे एक-चतुर्थांश मुले कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती. जे मूल घराच्या उंबऱ्याबाहेरच पडत नाही, ते शेजारच्या मुलाला भेटणार कोठे? निदान पुस्तकात तरी भेटावे.

मराठीची स्थिती या बाबतीत विचित्र आहे. आपला चित्रपट या विषयाला भिडला. डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी जाणार असलेल्या मुलाची कथा सांगणाऱ्या ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००४ साली तो ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून गेला. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांनी आपले मानले. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू केले. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने मराठी चित्रपुस्तकाला अशी उंची दिली आहे की अन्य भारतीय भाषांनी हेवा करावा. म्हणजे संवेदना आहे, कलाही आहे. या दोहोंची गाठ मात्र पडायची आहे. अनुवाद येत राहतील आणि ते यावेतच. पण कोकणातल्या घाटीवर चाकाची खुर्ची कशी चढवायची, एस. टी.च्या पायरीचे काय करायचे, वारीत काठी टेकत चालणाऱ्या मुलाला पावली कशी खेळता येईल, हे चेन्नईची किंवा बेंगळुरूची लेखिका कशी लिहिणार?

आणखी एक बाजू राहते. ज्या मुलाविषयी पुस्तक आहे, त्या मुलाला ते वाचता येते का? अंध मुलासाठी चित्रपुस्तक ही कल्पनाच आपल्याला विसंगत वाटते. तशी ती नाही. व्हेनेझुएलाच्या मेनेना कोत्तिन आणि रोसाना फारिया यांनी २००६ मध्ये काढलेल्या रंगांविषयीच्या पुस्तकाची पाने संपूर्ण काळी आहेत. चित्रे उठावाची, बोटांनी पाहायची, आणि मजकूर ब्रेलमध्येही आहे. डोळस मूलच तेथे अडखळते. आपल्याकडे एनसीईआरटीने ‘बरखा’ ही हिंदी वाचनमाला पुढे स्पर्शचित्रे आणि ब्रेल यांसह सर्व मुलांसाठी सिद्ध केली. अंध वाचकांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत म्हणून २०१३ साली झालेल्या माराकेश कराराला जगात सर्वप्रथम मान्यता दिली ती भारताने, जून २०१४ मध्ये. त्याआधीच, २०१२ च्या दुरुस्तीने, आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात तशी सवलत आली होती. मराठी प्रकाशकांना, म्हणजे, कायद्याची अडचण नाही. अडचण खर्चाची आहे आणि ती खरी आहे. उठावाचे एक पान करणे साध्या छपाईहून कितीतरी महाग पडते. ज्या समाजात मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी सहज उभी राहते, त्या समाजाला दोनशे प्रतींचा खर्च जड वाटू नये. गावोगावची ग्रंथालये, बालसंस्कार वर्ग, वाढदिवसाला पुस्तके वाटणारी मंडळे यांनी ठरवले तर वर्षाला एक पुस्तक सहज निघेल.

पुस्तक काढायला घेतलेच, तर चित्रकाराने आधी एखाद्या विशेष शाळेत आठवडाभर जाऊन बसावे. आपल्या चित्रांतली चाकाची खुर्ची बहुधा रुग्णालयातली असते, मागे कोणीतरी ढकलणारे असते. स्वतःच्या हातांनी चाके फिरवणाऱ्या मुलाचे खांदे कसे दिसतात, ते चित्रात येत नाही. अंध मुलाला काळा चष्मा चढवला जातो, मग तो घालत असो वा नसो. पांढरी काठी आधारासाठी टेकलेली दाखवतात. वस्तुतः ती पुढे जमिनीवर डावीउजवीकडे फिरवायची असते आणि तिचे टोक पाऊल पडण्याआधी तेथे पोचलेले असते. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या मुलांचे हात चित्रात नुसते हवेत असतात, त्यांतून कोणताच शब्द होत नाही. बहिऱ्या मुलाने ते चित्र पाहिले तर ते विचारील की ही दोघे काय बडबडत आहेत. छपाईला जाण्यापूर्वी कच्ची पाने अशाच दोन-चार मुलांपुढे ठेवावीत आणि ती काय म्हणतात ते लिहून घ्यावे.